वाघ पाहिला, लेणी पाहिली; माणसं कुठे गेली?

आपली कोकणातली माणसं मुंबईला गेली की चैत्यभूमीला जातात, नातेवाइकांकडे जेवतात आणि परततात. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली कान्हेरी लेणी राहूनच जातात. म्हणून यंदा तळेऱ्याहून आम्ही काही जण मुद्दाम गेलो. सोबत पोरं होती, त्यामुळे सफारीही आलीच.

खिडक्यांना जाळी लावलेली बस, कुंपणाच्या आतलं जंगल, मग वाघ आणि सिंह. पोरं खूश. बसमध्ये वाघाची माहिती मिळाली. याच उद्यानाच्या हद्दीत वारली आदिवासींचे पाडे आहेत, हे मात्र कुणी सांगितलं नाही. पाणी आणि विजेसाठी त्या पाड्यांना वर्षानुवर्षं भांडावं लागलं आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. जंगलात राहणाऱ्यांवर ऐतिहासिक अन्याय झाला, हे कायद्यात लिहिलं जायला २००६ चा वनहक्क कायदा यावा लागला. जंगल दाखवायचं ते माणसं वगळून, अशी ही सफारी.

वर लेण्यांतही तोच प्रकार. आमच्या पुढचे एक गृहस्थ बायकामुलांना सांगत होते, "हे सगळं पांडवांनी एका रात्रीत कोरलं." शंभरावर लेणी, हजारभर वर्षांचा वावर, आणि एका रात्रीत! खोदणारा, दान देणारा, राहणारा, सगळे एका वाक्यात गायब.

खरं तर कान्हेरीचा दगड बोलका आहे. पावसाचं पाणी वळवायला कातळात पन्हळी कोरल्या आहेत, विहारांशेजारी टाकी आहेत. टाकीला शिलालेखातला शब्द 'पोढी'. कल्याणच्या सामिदत्त नावाच्या सोनाराने अशी पाण्याची पोढी दान दिली, त्याचा लेख तिथे आहे. सोपाऱ्याचे व्यापारी आहेत, भिक्खुणी आहेत. नव्वद क्रमांकाच्या लेण्यात तर इ. स. १००९ आणि १०२१ मध्ये येऊन गेलेल्या पारशांनी पहलवी लिपीत आपली नावं कोरली आहेत.

आमच्यातल्या एका मुलीने विचारलं, "दादा, म्हणजे महाडच्या आधीच पाणी सगळ्यांना खुलं होतं?" मी म्हटलं, नाही, इतकी घाई नको. ते दान भिक्खुसंघाला आहे, गावाला नाही. १९२७ चा सत्याग्रह दुसऱ्या शतकाच्या दगडावर चिकटवला, तर आपल्यात आणि त्या पांडववाल्यांत फरक काय? लेखात आहे तेवढंच घ्या, आणि तेही थोडं नाही: एक कारागीर पाण्यासाठी दान देतो आणि त्याचं नाव, गाव, धंदा दगडात टिकतो. आपल्या आजोबा-पणजोबांची नावं कुठल्या दगडावर आहेत?

आपले तरुण इथे येतात, बुद्धमूर्तीसमोर सेल्फी काढतात, स्टेटस ठेवतात. वंदना करावीच. पण धम्मलिपीची अक्षरं शिकायला फार दिवस लागत नाहीत. आमच्या विहारात दर रविवारी एक तास ठरवलाय.

परतीच्या गाडीत त्या मुलीने मोबाईलवर लेखाचा फोटो मोठा केला होता. कणकवली येईपर्यंत तिला 'पा' आणि 'नि' सापडले होते.