चढाई संपल्यावर पोराने जायचं कुठे?

परवा ना. म. जोशी मार्गावरून येताना श्रमिक जिमखान्यातून शिट्टी ऐकू आली आणि पाय आपोआप आत वळले. कबड्डीचा सामना रंगात आला होता. एकोणीस-वीस वर्षांचा एक पोरगा चढाईला गेला, बोनस घेतला, डाव्या कोपऱ्याने घोटा धरला तरी अंग झोकून मध्यरेषेला हात लावून आला. शेजारचे काका ओरडले, "अरे, ह्याला प्रो कबड्डीत घ्या रे कोणीतरी!"

मीपण टाळ्या वाजवल्या. पण खरं सांगू? पोटात गोळा आला.

मी कॉलेजच्या संघाचा कप्तान होतो. आमचा मुख्य चढाईपटू लालबागला आमच्याच चाळीत, आमच्याच मजल्यावर राहायचा. टी.वाय.ला असताना उपांत्य सामन्यात त्याचा गुडघा लचकला. रात्री तो म्हणाला, "उद्या नको रे, पाय भरवशाचा नाही." मी म्हणालो, "क्रेप बँडेज बांध, एकच तर मॅच आहे." फायनल आम्ही जिंकलो. त्याचं लिगामेंट गेलं. ऑपरेशनला घरच्यांनी दागिने मोडले, थोडी वर्गणी मंडळाने काढली. त्याचे तीन विषय राहिले ते राहिलेच. आज तो एका गोदामात सुपरवायझर आहे. घर नीट चाललंय, तक्रार करत नाही. फक्त टीव्हीवर कबड्डी लागली की चॅनल बदलतो. त्याबद्दल कॉलेजला नावं ठेवणारे खूप भेटले. मी ठेवत नाही, कारण ते वाक्य माझं होतं.

आपल्या गिरणगावात कबड्डी हा नुसता खेळ कधीच नव्हता, ती नोकरीची वाट होती. गिरण्या, बँका, रेल्वे, एअर इंडिया, महिंद्र या सगळ्यांचे संघ होते. पोरगा चांगला खेळला की कुठेतरी चिकटायचा, आणि गुडघा गेला तरी पगार चालू राहायचा. १९८२ चा संप झाला, गिरण्या गेल्या, त्यांच्याबरोबर ही वाटही अरुंद झाली. १९९० ला बीजिंगच्या एशियाडमध्ये कबड्डीला पहिल्यांदा पदक मिळालं, तेही सोन्याचं. पण गल्लीतल्या पोराला पदकाआधी नोकरी हवी असते.

मग २०१४ ला प्रो कबड्डी आली. चांगलंच झालं. मातीतला खेळ मॅटवर गेला, पैसा आला, आयांना पोरं टीव्हीवर दिसायला लागली. पण त्या पैशाचा स्वभाव समजून घ्या. आपल्या कोल्हापूरकडचा सिद्धार्थ देसाई बघा. २०१८ ला यू मुंबाने त्याला ३६.४ लाखांना घेतला. पहिल्याच मोसमात दोनशेच्या वर चढाईचे गुण. २०१९ ला तेलुगू टायटन्सने १.४५ कोटी मोजले. पुढे दुखापतीने मोसम वाया गेला आणि २०२२ च्या लिलावात बोली २० लाखांवर आली. २०२३ ला हरियाणाने पुन्हा १ कोटी दिले. पोरगा तोच, मेहनत तीच, किंमत खांद्या-गुडघ्यावर. आणि हा तर शिखरावरचा माणूस! खाली कॉलेज खेळणारी किती पोरं असतील, ज्यांच्यावर बोली कधी लागतच नाही?

सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, मान्य. पण त्याला ठरावीक स्पर्धेतली कामगिरी लागते, प्रमाणपत्राची पडताळणी लागते, आणि मुख्य म्हणजे त्या पदाची शैक्षणिक पात्रता लागते. इथेच आपली पोरं मार खातात. चार वर्षं खेळायचं, हजेरी 'अॅडजस्ट' करायची आणि शेवटी हातात ना डिग्री ना गुडघा.

दरवर्षी १५ जुलैला बुवा साळवींच्या जयंतीला आपण कबड्डी दिन साजरा करतो. हार घालतो, भाषणं करतो. यंदा त्याच दिवशी आपल्या भागातल्या प्रत्येक मंडळाने आणि कॉलेजच्या जिमखान्याने तीन गोष्टी ठरवाव्यात. एक, खेळणाऱ्या प्रत्येक पोराचा अपघात विमा. दोन, सामन्याच्या वेळी मैदानावर फिजिओ, आणि तो 'नाही' म्हणाला तर कप्तानाचंही चालणार नाही. तीन, बुडालेल्या तासांसाठी संध्याकाळचे वर्ग. एका दहीहंडीच्या स्पीकरच्या भाड्यात यातलं बरंच बसतं. हिशेब करून बघा.

सामना संपल्यावर मी त्या पोराला गाठलं. गुडघ्याला बँडेज होतं. विचारलं, "दुखतंय?" तो हसला, "थोडंसं. उद्या फायनल आहे ना काका."

यावेळी मी म्हणालो, "आधी डॉक्टरला दाखव." त्याने मान हलवली. ऐकलं की नाही, माहीत नाही. तुमच्या घरात, मजल्यावर असा कोणी असेल तर तुम्हीही सांगा. मला वीस वर्षं उशीर झालाय.