डीपीतली माणसं

दर महिन्याला एका केंद्रातल्या दहाएक जिल्हा परिषद शाळांचे शिक्षक एकत्र जमतात. त्याला म्हणायचं शिक्षण परिषद. नाव भारदस्त, पण असतं काय तर एक वर्गखोली, केंद्रप्रमुख आणि पोहे. इस्लापूर भागातल्या अशाच एका परिषदेला मी मुद्दाम सुट्टी काढून गेलो. (आमच्याकडं बाहेरची माणसं येतात ती सहस्रकुंडला, धबधब्यापुढं रील काढायला.)

मी पुण्यात कोड लिहितो, गाव इस्लापूर. दोन वर्षं शिक्षकांच्या एका टेलिग्राम ग्रुपात आहे. नेटशिवाय चालणारं वाचनाचं छोटंसं ॲप करतोय, चुका तेच कळवतात. किनवट तालुक्यात पहिलीतलं पोर घरी गोरमाटी, गोंडी नाहीतर कोलामी बोलतं आणि पुस्तक मराठीत. म्हणून एका सरांनी गोरमाटी शब्द रेकॉर्ड करून दिले. त्यांच्या व्हॉइस नोट मी कायम दीडपट वेगानं ऐकलेल्या. समोर आले तेव्हा इतकं सावकाश बोलले, की वाटलं नेट अडकलं.

"तुम्हीच का ते इंजिनियर सर? डीपीत दाढी नव्हती."

ग्रुपात सगळं छान असतं. २०२० साली सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. पुस्तकांत क्यूआर कोड आणणारा जिल्हा परिषदेचा माणूस. तसं काहीतरी करू बघणारे आमच्यात बरेच. पण जेवणाच्या सुट्टीत क्यूआर कोडचा विषयच निघाला नाही. विषय एकच, पट. वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळांसाठी २०२३ मध्ये सरकारनं समूह शाळांचे प्रस्ताव मागवले, तेव्हापासूनची धास्ती. सरांच्या शाळेचा पट चौदा. दोन वर्षांत त्यांनी हे एकदाही लिहिलं नव्हतं.

"ग्रुपात साहेब लोकं बी असतेत ना सर."

मग त्यांनी हळूच विचारलं, कोणतं पोर किती वाचतं याची नोंद ॲपात निघेल का? गावात पालकांची बैठक होती. पोरं वाचतात हे दिसलं, तर पालक त्यांना बाहेरच्या शाळेत घालणार नाहीत.

नोंद सरांच्याच फोनात राहील, सर्व्हरवर जाणार नाही, एवढं ठरवून मी तिथंच लॅपटॉप उघडला. पहिला रकाना केला: 'हजेरीतलं नाव'.

"ते नको," सर म्हणाले. "घरी हाक मारतात ते टाका. हजेरीतलं नाव आईलाबी लवकर आठवत नाही."