नकाशात नसलेले ओसाका

हॉटेलच्या काउंटरवर ओसाकाच्या खाद्यफेरीचा नकाशा फुकट मिळाला. समाजकार्याच्या एका परिषदेसाठी गेले होते, मधला रविवार मोकळा होता. वाटाड्याचे पैसे परवडणारे नव्हते, म्हणून नकाशा घेऊन एकटीच निघाले.

दोतोम्बोरीत ताकोयाकी खाल्ले. आप्पेपात्रासारख्या तव्यावर भाजलेले गोळे, आत ऑक्टोपसचा तुकडा. जीभ पोळली. तिथून दक्षिणेला चालत शिन्सेकाइ गाठले. इथे काडीला टोचून तळलेले मांस आणि भाज्या मिळतात, त्याला कुशिकात्सु म्हणतात. सॉसचे भांडे सगळ्या गिऱ्हाइकांत एकच, त्यामुळे उष्टी काडी पुन्हा बुडवायची नाही. (आता बऱ्याच ठिकाणी बाटल्या आल्या आहेत.) हा नियम मला आवडला. तो उष्ट्याचा आहे, जातीचा नाही.

पुढच्या दुकानात निखाऱ्यावर आतडी भाजत होते. वास ओळखीचा होता. नकाशात लिहिले होते, 'होरुमोन, ओसाकाची खासियत.' या शब्दाची एक लोकप्रिय व्युत्पत्ती अशी की ओसाकाच्या बोलीत 'होरु मोनो' म्हणजे टाकून द्यायची वस्तू. ती कुणी टाकली आणि कुणी उचलली, यावर नकाशात एक ओळही नव्हती.

म्हणून मी नकाशा सोडून पश्चिमेला आशिहाराबाशीकडे वळले. ही बुराकूंची जुनी वस्ती, चामड्याच्या आणि ढोलांच्या कामासाठी प्रसिद्ध. रस्त्यावर ढोलांची शिल्पे आहेत. मेलेली जनावरे सोलणाऱ्या, कातडे कमावणाऱ्या या लोकांना एदो काळात 'एता' म्हणत, म्हणजे 'अतिशय घाण'. १८७१ च्या फर्मानाने ती ओळख कायद्यातून गेली. १९२२ मध्ये त्यांनी क्योतोत सुइहेइशा ही संघटना उभारली, आपल्या महाडच्या पाच वर्षे आधी. तरी १९७५ मध्ये उघड झाले की कंपन्या बुराकू वस्त्यांच्या पत्त्यांच्या छापील याद्या विकत घेत होत्या. नोकरी मागायला आलेला माणूस कुठला, हे त्यांना त्यातून कळे. आपल्याकडे आडनाव विचारले की भागते, यादीचा खर्च वाचतो. इथे मानवाधिकार संग्रहालय होते. १९८५ मध्ये उघडले, महापालिकेशी वाद होऊन २०२० मध्ये बंद झाले.

मला सर्वात जास्त टोचली ती दुसरीच गोष्ट. जपानमध्ये मृताला बौद्ध भिक्षू नवे धर्मनाम देतात. बुराकूंच्या कित्येक थडग्यांवर त्या नावात 'पशू' अर्थाचे अक्षर कोरलेले सापडले. हे बौद्ध मंदिरांनी केले. बौद्ध देशात जात नसणार, हे गृहीत मी विमानातून सोबत घेऊन आले होते. धम्म स्वीकारला म्हणजे पुरोहितशाही आपोआप मरते, हा आपला समज आपणही तपासायला हवा.

संध्याकाळी नांबात परतून कासु उदोन खाल्ले. गाईच्या आतड्यातली चरबी काढून घेतली की उरतो तो कुरकुरीत चोथा, आबुराकासु. तोच उदोनच्या वाटीत घालतात. हे मूळचे बुराकू वस्त्यांतले खाणे. तिथलाच दुसरा पदार्थ साइबोशी, म्हणजे सुकवलेले मांस. आमच्या मराठवाड्यातल्या चान्याच! आता दुकानापुढे तरुण रांग लावतात. त्याला माझा आक्षेप नाही. पण ज्यांचे खाणे चवीचे ठरते, त्यांची मुलगी सून म्हणून चालते का, हा प्रश्न रांगेत कुणी विचारत नाही. वजडी आता शहरी हॉटेलांच्या मेनूवर आहे. वसतिगृहात मात्र माझा वजडीचा डबा उघडताच शेजारणीने पेटी उचलून खोली बदलली होती. त्यानंतर कित्येक वर्षे मी आईला डब्यात फक्त भेंडी द्यायला सांगत असे. ती का, हे आईने कधी विचारले नाही.

खोलीवर येऊन तिला फोन केला. काय काय खाल्ले ते सांगितले. ती क्षणभर गप्प राहिली, मग म्हणाली, "आतडी चुन्यानं धुतात का गं तिकडं?"