वही भिजली, उधारी तरली

मैत्रिणींनो, मुलं शाळेत जायला लागली, सासूबाईंच्या औषध-पथ्याची घडी बसली, की दुपारचे दोन तास हाताशी उरतात. मग मनात येतं, आपणही घरच्या ओटीवर, नाहीतर बाजारात एखादा गाळा घेऊन छोटंसं बुटिक काढावं. चार साड्या ठेवाव्यात, ब्लाउज शिवून द्यावेत. हौसही भागेल आणि संसाराला हातभारही लागेल.

चिपळूणला माझं असं दुकान आहे म्हटल्यावर बायका मला हमखास विचारतात, भांडवल किती लागतं? माल कुठून आणता? मी सांगते. पन्नास हजारांत सुरुवात करायची असेल तर २०१५ साली सुरू झालेल्या ‘मुद्रा’ योजनेतल्या ‘शिशु’ कर्जाची बँकेत चौकशी करा. साड्यांसाठी दादरचा हिंदमाता बाजार आणि ड्रेसच्या कापडासाठी मंगलदास मार्केट पालथं घाला. कोकण रेल्वेनं गेलं तर एका मुक्कामात खरेदी आटोपते. पण जो प्रश्न सगळ्यांत आधी विचारायला हवा, तो मात्र कुणी विचारीत नाही. उधारी किती द्यायची आणि कशी?

तुम्ही म्हणाल, ‘आज रोख, उद्या उधार’ अशी पाटी लावली की झालं! मोठ्या शहरात ती पाटी चालत असेल. आपल्याकडे समोर उभी असलेली बाई नुसती गिऱ्हाईक नसते. ती आपल्या मुलाच्या वर्गाची बाई असते, नाहीतर शेजारच्या काकूंची नणंद. पाटीवर मी हौसेनं ‘बुटिक’ लिहून घेतलं, पण गावाच्या लेखी ते ‘ताईंचं दुकान’च आहे. ताईंकडे पैसे कमी पडले म्हणून कुणी हात हलवीत परत जात नाही.

शिवाय आपल्याकडे पैशाचंही एक पंचांग असतं. शिक्षिकेचा पगार महिन्याच्या सुरुवातीला होतो. अंगणवाडीच्या ताईंचं मानधन कधी वेळेवर येतं, कधी लांबतं. कुणाकडे मे महिन्यात आंब्या-काजूचे पैसे येतात, कुणाकडे दिवाळीनंतर भाताचे, तर कुणाचा मुंबईचा मुलगा गणपतीला आला की हातावर काही ठेवतो. आणि साडी लागते ती मात्र गौरीला, नव्या सुनेच्या ओवशाला, शिमग्याला, भाचीच्या लग्नाला. गरज आणि पैसा यांचा मुहूर्त एक येत नाही. या दोन मुहूर्तांमधली फट सांधते ती उधारी. म्हणून ती द्यायला लाजू नये आणि घेणाऱ्या बाईनंही मान खाली घालू नये. मात्र तिला नियम हवेत. माझे नियम असे आहेत.

पहिला, वस्तूच्या किमतीचा तिसरा हिस्सा रोख घ्यायचा. त्यानं आपली खरेदीची गाडी अडत नाही आणि घेणारीही दोनदा विचार करते. दुसरा, नोंद दोन ठिकाणी करायची. आपल्या वहीत आणि तिला दिलेल्या चिठ्ठीवर तारीख, वस्तू, रक्कम आणि हप्ता लिहायचा. तिसरा, शिलाईची उधारी नाही. माझ्याकडे तिघीजणी शिवणकाम, फॉल-पिको करतात. त्यांची मजुरी दर शनिवारी हातावर पडलीच पाहिजे. आपल्या दुकानाचा चांगुलपणा दुसऱ्याच्या मजुरीतून करू नये. आणि चौथा नियम सगळ्यांत महत्त्वाचा. तिचा हिशेब फक्त तिच्याशी बोलायचा.

हा चौथा नियम पाळणं वाटतं तितकं सोपं नाही बरं का. ‘आमच्या हिच्या नावावर किती आहेत हो?’ असं हसत-हसत विचारणारे भाऊ-दादा दुकानात येतात. मीही हसून म्हणते, ‘वहिनींनाच पाठवा, त्यांच्याकडे चिठ्ठी आहे.’ एकदोघांना राग आला. पण त्या बाईनं महिन्याच्या खर्चातून पन्नास-शंभर बाजूला काढून, स्वतःच्या हिमतीवर घेतलेली ती साडी असते. कधी त्यात माहेरच्या बहिणीला द्यायची भेट असते. ती माझ्या तोंडून घरात उघडी पडली, तर ती पुन्हा कुठल्या दुकानाची पायरी चढेल?

या नियमांची किंमत काय, ते २०२१ च्या पुरात कळलं.

२२ जुलैच्या पहाटे वाशिष्ठी आणि शिव नदीचं पाणी बाजारात शिरलं. २६ जुलै २००५ चा पूर पाहिलेल्या शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून मी माल नेहमीच उंचावर ठेवीत असे. पण या वेळी पाणी त्याहीवर चढलं. त्या वर्षी गणेश चतुर्थी १० सप्टेंबरला होती, म्हणजे जेमतेम पन्नास दिवसांवर. गौरीसाठी आणलेल्या साड्यांचे गठ्ठे नुकतेच आले होते. पाणी ओसरल्यावर शटर उघडलं, तर गुडघाभर गाळ आणि त्यात सगळा माल. उधारीच्या वहीचा लगदा झालेला. शाई तेवढी पानापानांतून पसरली होती.

विमा होता. पण पंचनामा, कागदपत्रं, हेलपाटे यांत पैसे यायला वेळ लागतो आणि गणपती काही थांबत नाहीत.

तिसऱ्या दिवशी सकाळी शिवणकाम करणाऱ्या तिघी बादल्या घेऊन आल्या. त्यांच्यामागून उंचावरच्या वाड्यांतल्या सहा-सात बायका आल्या. गाळानं माखलेलं कापड कसं धुवावं, हे आम्ही त्या आठवड्यात हातानं शिकलो. तुमच्याही उपयोगी पडेल म्हणून सांगते. ओला गठ्ठा तसाच ठेवू नका, बुरशी धरते. आधी साध्या थंड पाण्यातून तीन-चारदा खळबळून गाळ काढा आणि मगच साबण लावा. गाळ असताना घासलं तर बारीक रेतीनं कापड विरतं. रंग सोडणारं कापड वेगळं ठेवा. रेशीम पिळू नका, सावलीत निथळू द्या. आणि पुराच्या चिखलात काम करताना हातमोजे, गमबूट घाला. हातापायाला जखम असेल तर जास्तच जपा. लेप्टोचा ताप अशा पाण्यातूनच येतो.

सिंथेटिक साड्या बऱ्यापैकी निघाल्या. ‘पुरात भिजलेली आहे’ असं सांगून त्या कमी दरात विकल्या. रेशमी आणि जरीचा माल बहुतेक गेला.

आणि मग उधारी यायला लागली. पहिल्यांदा आल्या त्या पलीकडच्या वाडीतल्या एक आजी. त्यांचे साडेसातशे राहिले होते. पदराच्या गाठीतून दोनशे काढून माझ्या हातावर ठेवले. मी म्हटलं, ‘आजी, वहीच गेली. सावकाश द्या.’ तर म्हणतात कशा, ‘वही बुडली म्हणून माझं देणं बुडलं काय गो?’

त्यांच्यानंतर बायका एक-एक करून येत राहिल्या. कुणी घडी घालून जपून ठेवलेली चिठ्ठी आणली. कुणाची चिठ्ठी घरातल्या सामानाबरोबर वाहून गेली होती, तिनं तोंडी आकडा सांगितला. तो मी तसाच नव्या वहीत लिहिला, एकदाही ‘नक्की ना?’ असं न विचारता. काहीजणी आल्याच नाहीत. त्यांच्या घरात भिंतीच तेवढ्या उरल्या होत्या. त्यांना मी विचारलं नाही आणि आजही विचारणार नाही. एकूण किती उधारी परत आली, ते आकड्यात सांगता येणार नाही. ताळा करायला जुनी वही होती कुठे? पण त्या पैशांतून तिघींची मजुरी भागली आणि मुंबईच्या व्यापाऱ्याला थोडी रक्कम पाठवता आली. एरवी त्याचे हप्ते कधी चुकले नव्हते, म्हणून त्यानं गौरीसाठी नवा माल उधारीवर दिला. बघा, वाडीतल्या आजींच्या दोनशेंचा धागा थेट मुंबईच्या घाऊक बाजारापर्यंत पोचतो, तो असा.

म्हणून विश्वासावर सगळं सोडून निर्धास्त बसा, असं मात्र मी म्हणणार नाही. विश्वास आणि व्यवहार ही जोडी आहे, एकानं दुसऱ्याचं काम होत नाही. दुकानाचा विमा घ्या आणि त्यात पूर धरला आहे का, ते स्वतः वाचून घ्या. लहान धंद्यांसाठी एप्रिल २०२१ पासून ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही पॉलिसी निघाली आहे, तिच्यात आगीबरोबर पूरही येतो. मालाची बिलं दुकानात ठेवू नका, घरी ठेवा. उधारीच्या वहीच्या पानांचे दर शनिवारी मोबाइलवर फोटो काढा आणि परगावच्या बहिणीला किंवा मुलीला पाठवून ठेवा. गिऱ्हाइकांची नावं पूर्ण न लिहिता खुणेची अक्षरं लिहा, म्हणजे चौथा नियमही मोडत नाही.

हल्ली फोनवर बोट लावलं की साडी घरपोच येते. स्वस्तही पडते. माझ्या दुकानातल्या मुलीसुद्धा मागवतात, मग मी तुम्हाला कशाला अडवू? पण ती फोनवरची साडी फॉल-पिकोला माझ्याकडेच येते. ब्लाउज दंडात घट्ट झाला तर आत ठेवलेली माया उसवून तो सैल करायलाही माझ्याकडेच येतात. बाळंतपणानंतर वाढलेलं माप, आजारपणानंतर उतरलेलं माप, सगळं आमच्या वहीत असतं. अशा कामांत पैसा थोडा, पण वर्षभर दुकानाची पायरी झिजती राहते ती त्यांच्यामुळेच.

तेव्हा दुकान काढायचं मनात असेल तर जरूर काढा. पहिल्याच दिवशी दोन वह्या आणा, एक मापांची आणि एक उधारीची. आणि ज्यांना दुकान काढायचं नाही त्यांना एवढंच सांगणं, तुमच्या गावातल्या अशा एखाद्या ताईंचं देणं राहिलं असेल, तर सणाच्या आधी थोडं का होईना देऊन या. पुढच्या खेपेला त्यांनाही घाऊक व्यापाऱ्यासमोर ताठ मानेनं उभं राहायचं असतं.