अडीच तासांचं भाडं

ऑफिसात लंच टाइमला भांडायला विषय लागतोच. आमच्या खराडीच्या ऑफिसात मागच्या महिन्यात निघाला तो असा: थिएटरमध्ये जाऊन सिनेमा बघणं आता परवडतं का? एकाने लगेच मोबाइलवर कॅल्क्युलेटर काढला. दोघांची वीकएंडची तिकिटं, बुकिंगची फी, पार्किंग, पॉपकॉर्न, इंटर्व्हलची कॉफी. ‘अशा दोन फेऱ्यांत ओटीटीचं अख्खं वर्ष निघतं,’ असं म्हणून त्याने फोन टेबलावर उलटा ठेवला. विषय संपला! खरं सांगायचं तर त्या दिवशी ओटीटीच्या बाजूने सगळ्यात जास्त मीच बोललो. घरी मोठा टीव्ही आहे, सोफा आहे, हवं तेव्हा सिनेमा थांबवता येतो. आणखी काय पाहिजे?

त्याच रात्री शिरूरहून आईचा फोन आला. दोन मिनिटं इकडचं-तिकडचं झालं आणि मग एकदम, ‘अरे, मला एकदा थेटरात सिनेमा बघायचाय.’

‘कुठला?’

‘कुठलाही चालेल. मराठी असला म्हणजे झालं.’

‘अगं, घरी टीव्हीवर सगळे येतात की. मीच तर लावून दिलंय.’

‘येतात रे,’ आई म्हणाली, ‘पण संपत नाहीत.’

थांबवता येतो, हीच तर पंचाईत

२०२३ च्या उन्हाळ्यात अप्पांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. तेव्हापासून आईचा दिवस अप्पांच्या गोळ्यांच्या वेळांवर चालतो. त्याच वर्षी ३० जूनला ‘बाईपण भारी देवा’ लागला. तुम्हाला आठवत असेल, गावोगावच्या बायका घोळक्याने तो बघायला गेल्या होत्या. आईच्या भिशीतल्या बायकाही गाडी करून पुण्याला गेल्या. आई तेवढी राहिली. मग कधीतरी तिने तो घरी लावला. पहिल्यांदा कुकरची शिट्टी झाली. दुसऱ्यांदा अप्पांना कूस बदलून द्यायची होती. मग दूधवाला, मग फिजिओथेरपिस्ट, मग शेजारच्या काकू ‘सहज’ आल्या. शेवट तिला काकूंनीच सांगून टाकला.

‘हवं तेव्हा थांबवता येतो’ हा फंडा माझ्यासारख्या एकट्या राहणाऱ्याचा. माझ्या घरात रिमोट माझ्याच हातात असतो. आईच्या घरात सिनेमा कोणीही थांबवू शकतं, एक आई सोडून.

तिला पुण्याला आणायचं तर अप्पांपाशी कोण बसणार? तोडगा ताईने काढला. ताई दौंडला दिलेली. ‘अप्पांना इकडे घेऊन या. तात्या बसतील त्यांच्याजवळ. आपण तिघं इथूनच हडपसरला जाऊ.’ तात्या म्हणजे ताईचे सासरे, रेल्वेतले रिटायर्ड गार्ड. म्हणजे एका सिनेमासाठी आधी शिरूर ते दौंड, मग दौंड ते हडपसर आणि हेच सगळं उलटं! मी मनातल्या मनात पेट्रोलचा हिशेब सुरू केला.

घोडनदीचं टॉकीज

शिरूर तुम्ही बहुतेक गाडीच्या काचेतूनच पाहिलं असेल. पुण्याहून नगरला जाताना रांजणगावचा गणपती आणि एमआयडीसी मागे पडली की लागतं ते. गावातली जुनी माणसं अजून त्याला घोडनदीच म्हणतात. माझ्या लहानपणी इथे सिनेमा लागला की रिक्षावर कर्णा बांधून पुकारा व्हायचा. टॉकीजला पत्र्याचं छप्पर होतं, पावसाळ्यात डायलॉग ऐकूच यायचे नाहीत. बायकांची रांग वेगळी असायची आणि बसायलाही वेगळी बाजू.

१९९१ साली ‘माहेरची साडी’ लागला तेव्हा मी तीन वर्षांचा होतो. आईने तो चार वेळा बघितला, चारही वेळा मला मांडीवर घेऊन. गल्लीतल्या बायका दुपारची भांडी उरकून एकत्र निघायच्या आणि डोळे सुजवून परत यायच्या. ‘एवढं रडायचं तर जायचं कशाला?’ असं अप्पा विचारायचे. आई म्हणायची, ‘घरी रडलं तर कारण सांगावं लागतं.’ हे वाक्य मी लहानपणापासून विनोद म्हणून ऐकत आलोय.

त्याच्याही आधी जत्रेत तंबूतला सिनेमा यायचा. ट्रकमधून प्रोजेक्टर यायचा आणि जमिनीवर बसून गाव सिनेमा बघायचं. महाराष्ट्रातल्या या फिरत्या टॉकीजवरची ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ ही डॉक्युमेंटरी २०१६ साली थेट कान महोत्सवापर्यंत पोचली. आपण पॉपकॉर्नच्या भावावर चिडतो तेव्हा विसरतो, की या भागात सिनेमा बघणं ही मुळात बाहेर पडण्याची गोष्ट होती. पडद्यावर काय आहे हा प्रश्न त्यानंतरचा.

न्हावरे, चौफुला, दौंड

रविवारी सकाळी निघालो. अप्पा पुढच्या सीटवर, पट्टा लावून, इस्त्रीच्या शर्टात. मागे आई. तिच्या मांडीवर पिशवी, पिशवीत अप्पांची औषधं, टॉवेल, डबा आणि आपण परग्रहावर चाललो असतो तरी पुरलं असतं एवढं सामान.

हा रस्ता पुणेकरांच्या लाँग ड्राइव्हच्या यादीत नसतो, पण असायला हरकत नाही. घोडगंगा कारखान्याचं न्हावरे गाव, दोन्ही बाजूंना ऊस, मग भीमेचा पूल. पूल ओलांडला की दौंड तालुका. पुढे चौफुल्याला सोलापूर हायवे लागतो. चौफुला म्हणजे लावणीची कलाकेंद्रं. मोबाइलवर हव्या तेवढ्या लावण्या फुकट दिसत असताना इथे लोक पैसे मोजून समोर बसतात, हे मी आईला सांगायला गेलो. तिने ठरवून दुसऱ्या खिडकीतून बाहेर बघितलं. अप्पा मात्र तिरपं हसले. बऱ्याच महिन्यांनी.

दौंड हे गाड्यांचं गाव. १८७८ मध्ये मनमाडची लाइन इथे येऊन मिळाली आणि जंक्शन झालं. रेल्वेने देशभरातली माणसं आणून इथल्या क्वार्टर्समध्ये बसवली. तात्या सांगतात, त्यांच्या तरुणपणी रेल्वे कॉलनीत उघड्यावर पडदा लावून सिनेमे दाखवायचे. शेजारी तमिळ, मागे तेलुगू, पुढे भय्याजी. एक जण दुसऱ्याला गोष्ट समजावून सांगायचा आणि इंजिनाची शिट्टी झाली की सगळे मिळून ओरडायचे. इथून सोलापूरच्या गाडीत बसलात की जेऊर लागतं, नागराज मंजुळेंचं गाव. २०१६ मध्ये ‘सैराट’ आला तेव्हा ताईने तो तीनदा बघितला. या पट्ट्यातल्या पोरांना पडद्यावर पहिल्यांदा आपली भाषा दिसली होती.

तात्यांनी अप्पांची खुर्ची व्हरांड्यात स्वतःच्या खुर्चीशेजारी मांडली. आई गोळ्या कधी, पाणी कसं, उशी कुठे, हे तिसऱ्यांदा सांगायला लागली तेव्हा ते म्हणाले, ‘वहिनी, मी आयुष्यभर गाड्या वेळेवर सोडल्यात. तुम्ही निघा.’

बिल आणि बाकी

हडपसरला रेल्वेने जायचं हा तात्यांचाच सल्ला. तो कामाला आला. तिघांचं जाऊन-येऊन भाडं १२० रुपये. आईला खिडकी मिळाली. केडगाव, यवत, उरुळी अशी स्टेशनं ती पाट्या वाचत मोजत होती.

थिएटरच्या दारात पहिला धक्का. आईच्या पिशवीतला डबा आणि शेंगदाण्याची चिक्की बाहेर काढून ठेवावी लागली. ‘चिक्कीने काय होतंय?’ असं तिने त्या सिक्युरिटीवाल्या मुलीला विचारलं. बिचारी काय सांगणार? ३ जानेवारी २०२३ ला सुप्रीम कोर्टाने निकाल दिलाय, की बाहेरचं खाणं आणू द्यायचं की नाही हे थिएटरमालक ठरवू शकतात. मात्र पिण्याचं पाणी फुकट द्यायला हवं आणि तान्ह्या बाळाचं खाणं अडवता येत नाही. तेव्हा पाण्याची बाटली विकत घेऊ नका, सरळ पाणी मागा.

आता हिशेब. तीन तिकिटं ७५०, बुकिंगची फी ९०. पॉपकॉर्न आणि एक कॉफी ५६०. रिक्षा दोन्ही वेळच्या २६०. रेल्वे १२०. शिरूर-दौंड-शिरूर पेट्रोल ८००. एकूण २,५८० रुपये. अडीचशेच्या प्रत्येक तिकिटात साधारण ३८ रुपये जीएसटी, कारण शंभरच्या वरच्या तिकिटावर १८ टक्के लागतो. शंभरपर्यंतच्या तिकिटावर २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय, पण शहरात शंभरचं तिकीट शोधून दाखवा! आणि लोकांना थिएटर नकोच झालंय असंही नाही. २३ सप्टेंबर २०२२ ला राष्ट्रीय सिनेमा दिन म्हणून देशभरात ७५ रुपये तिकीट ठेवलं, तर थिएटरं भरून वाहिली. अडतंय ते भावापाशी. तालुक्याच्या माणसाला तर त्यावर प्रवासाचा भुर्दंड. आमच्या बिलात तिकिटांपेक्षा प्रवासच जास्त होता.

साडेतीनशेची झोप

दिवे मंद झाले. आईने विचारलं, ‘फोन बंद करू?’

‘सायलेंटवर ठेव.’

तिने फोन हातात धरून ठेवला, मग ताईकडे बघितलं. ‘तात्या आहेत ना गं?’ ताई म्हणाली, आहेत. आईने फोन पूर्ण बंद केला. नंतर ताईने सांगितलं, तीन वर्षांत पहिल्यांदा.

सिनेमा बरा होता. नाव सांगत नाही, कारण त्याने फरक पडत नाही. आई हसायच्या जागी हसली, एका गाण्याला तिने खुर्चीच्या दांड्यावर ताल धरला. इंटर्व्हलनंतर दहा मिनिटांनी मी वळून बघितलं तर ती झोपली होती. मान ताईच्या खांद्यावर, तोंड किंचित उघडं, गाढ.

माझ्यातला लंच टाइमवाला जागा झाला. २,५८० भागिले दीडशे मिनिटं, म्हणजे मिनिटाला १७ रुपये. वीस मिनिटं झोपली तर जवळजवळ साडेतीनशे. मी तिला हलवायला हात पुढे केला. ताईने तो मध्येच धरला. ‘झोपू दे,’ ती कुजबुजली, ‘रात्री दोनदा उठते ती.’

मला हे माहीत नव्हतं. दर आठवड्याला फोन करतो मी.

मग मीही पडद्याकडे कमी आणि तिच्याकडे जास्त बघत बसलो. शेजारी दोनशे अनोळखी माणसं, वरून कानठळ्या बसवणारा आवाज, आणि तिला कोणी उठवणार नव्हतं. घरी टीव्हीसमोर तिला अशी झोप लागली असती? डोळा लागताच कोणीतरी ‘आई’ म्हटलं असतं.

तर, परवडतं का? माझ्यासारख्याला दर वीकएंडला नाही परवडत, हे मी अजूनही म्हणेन. ज्याचा वेळ स्वतःच्या हातात आहे, त्याने सकाळचा स्वस्त शो बघावा किंवा चार महिने थांबून घरी बघावा. पण ज्या माणसाचा वेळ घरातले सगळे वाटून घेतात, त्याच्यासाठी ते तिकीट सिनेमाचं नसतंच. ते अंधारातल्या एका खुर्चीचं अडीच तासांचं भाडं असतं. तुमच्या घरात असं कोणी असेल तर महिन्याचा एक सिनेमा तुमच्या हिशेबातून काढा आणि त्यांच्या नावावर टाका.

वीस मिनिटांनी आई आपोआप जागी झाली, पदर नीट केला आणि पुढचा सिनेमा टक लावून बघितला. शेवटची नावं वर सरकून लाइट लागले तरी ती उठली नाही. झाडूवाला मुलगा आला तेव्हा उठली.

दौंडला पोचलो तेव्हा दिवे लागले होते. अप्पा आणि तात्या व्हरांड्यातच होते. तात्यांनी रिपोर्ट दिला, ‘गोळी वेळेवर, चहा दोनदा, तक्रार शून्य.’ आईने अप्पांच्या पुढ्यात बसकण मारली आणि गोष्ट सांगायला सुरुवात केली. इंटर्व्हलनंतरचा जो भाग तिने पाहिलाच नव्हता, तिथे मी कान टवकारले. तिने एक अख्खं भांडण आणि एक समेट बिनदिक्कत घुसडून दिला. मूळ सिनेमापेक्षा बरा. ताईने माझ्याकडे बघून डोळे मोठे केले. आम्ही दोघं गप्प.

अप्पांनी सगळं ऐकलं. मग जड जिभेने, एकेक अक्षर जुळवत विचारलं, ‘शेवट... कोणी सांगितला?’

‘कोणी नाही,’ आई म्हणाली. ‘मी बघितला.’