जोत्याची उंची गुणिले बारा

शेतीला जोड म्हणून मी बांधकामाचे लहान ठेके घेतो. पालिकेचे टेंडर स्वतः भरायचे तर बयाणा रक्कम, नोंदणी, सगळेच लागते. ती आपली ऐपत नाही. मोठा ठेकेदार काम घेतो आणि आमच्यासारख्यांकडून करवून घेतो.

दोन वर्षांपूर्वी तालुक्याच्या गावी पालिकेच्या दवाखान्याला रॅम्प बांधायचा होता. ठेकेदाराने काम अंदाजपत्रकापेक्षा २२ टक्के कमी दराने घेतलेले. त्याने आम्हा तिघांकडे दर मागितले.

मी जागेवर टेप धरला. जोते तीन फूट उंच. चाकाच्या खुर्चीसाठी एक फूट चढायला बारा फूट लांबी, असा नियम आहे. म्हणजे ३६ फूट, मध्ये विसाव्याला सपाट टप्पा आणि दोन्ही अंगांना कठडा. नकाशातही तसेच होते. बाजूच्या भिंती, मुरमाचा भराव, काँक्रीट, पाइपाचा कठडा धरून मी १ लाख ६० हजार सांगितले. दुसऱ्याने ९५ हजार! ठेकेदार हसून म्हणाला, "तो अठरा फुटांत बसवतोय. तुम्हीही बसवा, लाखाला काम तुमचं. मापाचं मी बघतो."

खोटे कशाला सांगू, मन डळमळले. घरी सोसायटीचे कर्ज होते.

आमचे अण्णा पक्षाघातापासून चाकाच्या खुर्चीवर आहेत. घरची ओसरी दीड फूट उंच. मी नऊ फुटी दोन फळ्या लावल्या. अठरा फुटांत तीन फूट म्हणजे तोच चढ. बायकोने खुर्ची ढकलली, पण अर्ध्यावर तिचा पाय घसरला. मी मागे उभा होतो म्हणून अण्णा वाचले. ते म्हणाले, "अरे, उतारावर बैलगाडीलासुद्धा आपण चाकाखाली दगड लावतो. इथं काय लावायचं?"

सकाळी मी ठेकेदाराला नाही म्हणालो. काम दुसऱ्याला गेले आणि रॅम्प अठरा फुटांतच झाला. आज त्यावरून औषधांची खोकी चढतात, माणसे नाहीत. अण्णांना तपासायला नेतो तेव्हा आम्ही दोघे जण खुर्ची उचलून पायऱ्यांवरूनच चढवतो.

काम सोडले याचे दुःख नाही. पण मी पालिकेत जाऊन बोललो नाही. पुढची कामे बंद होतील ही भीती होती. ते गप्प बसणे अजून सलते.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सार्वजनिक इमारतीत सुलभ वाट असणे हा हक्क झाला आहे. तुमच्या शाळेला, पंचायतीला रॅम्प होत असेल तर काँक्रीट पडण्याआधी जोते मोजा, त्याला बाराने गुणा आणि नकाशा मागा. बिल निघाल्यावर ओरडून उपयोग नाही. आखूड रॅम्प स्वस्त पडत नाही. तो असून नसल्यासारखा असतो, आणि पैसे मात्र पुरे जातात.