तळघरातील ऊब

दिल्लीस बदली झाली की गावाकडची मंडळी पहिली चौकशी करतात ती थंडीची. आणि येथे दोन हिवाळे काढलेला मनुष्य त्यांस मोठ्या अभिमानाने आकडे ऐकवतो. सफदरजंगच्या वेधशाळेत १६ जानेवारी १९३५ रोजी पारा शून्याच्याही खाली ०.६ अंश उतरला होता. १ जानेवारी २०२१ च्या पहाटे तो १.१ अंशावर होता. आणि ३० डिसेंबर २०१९ रोजी तर भर दुपारीदेखील तो ९.४ अंशांपलीकडे चढला नाही. परंतु कागदावरची थंडी निराळी आणि घरातली थंडी निराळी. डोंगरातील घर हिवाळ्याशी झुंजण्यासाठी बांधलेले असते. दिल्लीचे जुने घर उन्हाळ्याशी. उंच छत, छताखालचे झरोके, पायांना गार लागणारी गुळगुळीत फरशी, हे सारे मे महिन्यातील मित्र जानेवारीत वैरी होतात. म्हणून येथे बाहेर उन्हात उभे असताना जितके बरे वाटते तितके आत स्वतःच्या खुर्चीवर वाटत नाही.

आमचे बिऱ्हाड करोल बागेत आहे. नव्या राजधानीसाठी ज्यांच्या वस्त्या उठवल्या गेल्या त्यांतील अनेकांना १९२० नंतरच्या काळात या भागात आणून वसवले, आणि १९४७ नंतर पश्चिम पंजाबातून आलेल्या निर्वासितांनी येथील बाजार नावारूपास आणला. जागा थोडी आणि माणसे फार, म्हणून घरे प्रथम वर चढली. गच्चीगच्चीवर 'बरसाती' उभ्या राहिल्या. वर आकाशच उरले तेव्हा माणसे खाली उतरली. आमच्या घराखालीही असे एक तळघर आहे. घरमालकांनी त्याला गिलावा केला, रंग दिला, खाली फरशी बसवली, एका भिंतीला लाकडी तक्तपोशीही केली. निवासी घराचे तळघर सामानासाठी असते, राहण्यासाठी नव्हे, हा दिल्लीचा नियम. आणि नियमांवर बोट ठेवून ज्यांचे पोट चालते त्या आम्हांसारख्यांस तो मोडणे शोभणारे नाही. तेव्हा तेथे आमच्या चार बदल्यांच्या ट्रंका आहेत, आणि पुस्तके आहेत. मात्र रविवारी एखादे पुस्तक शोधावयास गेलेले आम्ही तासभर तेथेच रेंगाळतो, हे मान्य केले पाहिजे. तळघर उबदार राखण्याची आमची खटपट त्या तासाभरासाठी, आणि त्याहून अधिक त्या पुस्तकांसाठी.

तळघर म्हणजे दिल्लीत काही नवी गोष्ट नाही. लाल किल्ल्यात तहखाने आहेत. यमुनेकाठच्या मेटकाफ हाऊसमध्येही साहेब उन्हाळ्यात जमिनीखालच्या दालनांत आश्रय घेत. त्यामागे एक साधे तत्त्व आहे. जमिनीच्या वरच्या थरावर ऊन आणि हिव यांचा खेळ चालतो. पण काही हात खाली गेले की मातीला ऋतू उशिरा कळतो, आणि आणखी खाली वर्षभराची सरासरीच तेवढी उरते. दिल्लीची ती सरासरी सुमारे २५ अंशांची. म्हणजे जे तळघर मे महिन्यात गार, तेच जानेवारीच्या पहाटे बाहेरच्या हवेहून उबदार असावयास हवे. आणि ते तसे असतेही.

मग तेथे हुडहुडी का भरते? आम्ही याचा बराच विचार केला, आणि उत्तर मिळाले ते असे, की तळघराचा खरा शत्रू थंडी नसून ओल आहे. वीट पाणी शोषते आणि दिव्याच्या वातीप्रमाणे ते वर चढवते. ओल्या भिंतीजवळ बसलेल्या माणसाच्या अंगातील उष्णता भिंत हलके हलके ओढून घेते. अशा खोलीत नुसता हीटर लावला तर भिंतीतील पाणी हवेत येते आणि सर्वांत थंड कोपऱ्यात जाऊन पुन्हा दंव होऊन बसते. आठवडाभरात तेथे बुरशीचे काळे ठिपके उमटतात. म्हणून आम्ही उपचार बाहेरून आरंभला. गच्चीचे पाणी उतरवणारा नळ नेमका भिंतीच्या पायथ्याशी ओतत असे. घरमालकांस सांगून तो दूर गटारापर्यंत नेला. कपाटे भिंतीपासून चार बोटे पुढे ओढली, की मागून वारा खेळावा. फरशीवर जाड दरी, आणि तिच्यावर सोलापूरहून आणलेले घोंगडे. गार हवा जड असते व पाण्यासारखी पायऱ्यांवरून खाली वाहते, म्हणून जिन्याच्या वरच्या दाराला रजईच्या कापडाचा पडदा. दुपारी, धुके आणि धुरके दोन्ही जरा वर उचलले गेले की, तासभर झरोका उघडा. इतके केल्यावर तेलभरला विजेचा हीटर अर्धा तास लावला तरी पुरतो.

गेल्या डिसेंबरात आमचा भाचा परीक्षेच्या अभ्यासासाठी नाशिकहून आला. तळघर पाहताच तो हरखून गेला.

"मामा, मी रात्रीचा इथेच बसतो. ना गल्लीचा गोंगाट, ना कुणाची ये-जा. आणि तुमच्या हीटरचे बिलही नको. कोपऱ्यावर अंगीठी मिळते. कोळसे पुरते फुलले की धूरसुद्धा होत नाही. दार लावून घेतले की सकाळपर्यंत ऊब."

आम्ही काही बोलण्यापूर्वीच जिन्यावरून सौभाग्यवतींचा आवाज आला.

"धूर होत नाही, म्हणूनच नको! धूर असता तर खोकत खोकत वर तरी आला असतास."

त्यांचे माहेर सांगलीजवळचे हरिपूर. तेथे हळद साठवण्यासाठी जमिनीत विहिरीसारखी खोल पेवे खणलेली होती. २००५ च्या कृष्णेच्या पुरात त्यांपैकी पुष्कळ निकामी झाली. पेवाचे तोंड उघडले की लगेच कुणी आत उतरत नसे. ते बराच वेळ तसेच उघडे ठेवीत, मग दोरीने पेटता कंदील खाली सोडीत. कंदील विझला तर माणसाने उतरावयाचे नाही. जमिनीखालची हवा ही गृहीत धरण्याची वस्तू नव्हे, हे त्या गावातल्या पोरासोरांनाही ठाऊक होते.

पण अंगीठीपुढे तो कंदीलही फसतो. कंदील सांगतो ते प्राणवायू संपल्याचे. अपुऱ्या हवेत जळणाऱ्या कोळशातून जो कार्बन मोनॉक्साइड निघतो त्याला रंग नाही, वास नाही, आणि माणसाला मारण्यापुरता तो जमला तरी ज्योत जळतच राहते. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी चिकटतो. आधी डोके जड होते, मग झोप येते, आणि झोपलेल्यास आपण झोपलो आहोत की बुडालो आहोत हे कळत नाही. दर हिवाळ्यात दिल्लीच्या वर्तमानपत्रांत बंद खोली आणि अंगीठी यांची बातमी येते. त्या खोलीतील माणसांनी काय केलेले असते? प्रत्येक फट कापडाने बुजवलेली असते. म्हणजे थंडीच्या बंदोबस्तात जो जितका दक्ष, तो तितका धोक्यात.

भाच्याने हार मानली नाही. "पण मामी, सगळी मुले तळघरातच तर बसतात!" असे तो म्हणाला खरा, आणि म्हणताच गप्प झाला. येथून हाकेच्या अंतरावर, ओल्ड राजिंदर नगरात, २७ जुलै २०२४ रोजी एका शिकवणीवर्गाच्या तळघरातील अभ्यासिकेत पावसाचे पाणी शिरून त्याच्याच वयाचे तीन विद्यार्थी बुडाले होते. तीही जागा कागदोपत्री वाहने आणि सामान यांसाठीच होती. पाणी असो की वायू, तळघरात येणारे संकट आधी दाराची वाट अडवते.

त्या रात्रीपासून तो आमच्या जेवणाच्या टेबलापाशी बसू लागला. खांद्यावर रजई, मांडीवर गरम पाण्याची पिशवी. खोली तापवण्यापेक्षा माणूस तापवणे स्वस्तही आणि सुरक्षितही. बाराच्या सुमारास सौभाग्यवती त्याला आल्याचा चहा देत, आणि त्या निमित्ताने एक आम्हांसही मिळे.

आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या मुलाबाळांना, भाच्यापुतण्यांना उद्या या शहरात जागा शोधावी लागेल, आणि कुणीतरी त्यांना कमी भाड्यात एक सजवलेले, उबदार तळघर दाखवील. भिंतीचा रंग पाहू नये. हवा कोठून येते आणि बाहेर पडावयाची दुसरी वाट कोणती, एवढे दोन प्रश्न विचारावे. उत्तर देताना मालक घुटमळला, तर थंडी सोसावी, पण वरच राहावे.